पुढचं वाक्य

"थांब! अरे, थांब म्हणते ना!"

प्रभाताईंनी कीबोर्डवरची लांब कळ दाबली, पुन्हा दाबली, मग तळहातानं आपटली. मशीन बोलतच राहिलं. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बातम्या वाचाव्यात तसा तो आवाज होता. तलावाच्या पाळीची लांबी-रुंदी सांगून तो ती पाळ फुटली त्या वर्षापर्यंत येऊन पोचला होता. शेवटी मीच टेबलामागे वाकले आणि स्पीकरची वायर उपटली.

खोलीत नुसती कूलरची घरघर उरली.

"म्हणजे हाही तसलाच," प्रभाताई म्हणाल्या. "आमच्या कॉलेजात एक बाई मला वाचून दाखवायच्या. फार भल्या. पण मी थांबा म्हटलं की म्हणायच्या, एवढं पान होऊ द्या. पान झालं की मी काय विचारणार होते तेच विसरायचे."

शेजारच्या खुर्चीवर त्यांच्या मोठ्या बहीण बसल्या होत्या, विमलताई. गळ्याभोवती पांढरा सुती रुमाल, हात मांडीवर. त्या हसल्या, पण आवाज न करता. त्यांना आवाज करायची बंदी होती.

ही दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यातली, नागपुरातली गोष्ट. मी तेव्हा धंतोलीतल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होते. कंपनी कसली, दोन खोल्या आणि आम्ही पाच माणसं. अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं आमच्याकडे मराठी पुस्तकं बोलून दाखवणारा प्रोग्राम मागितला होता. पुस्तकं टाइप करून तयार होती आणि ती एक्सएमएलमध्ये होती. म्हणजे नुसता मजकूर नाही, तर मजकुरात खुणा घातलेल्या: इथे प्रकरण सुरू झालं, हे त्याचं नाव, हा परिच्छेद, ही तळटीप, इथे प्रकरण संपलं. त्या खुणा ओळखून मजकूर बाहेर काढायचा आणि आवाजाच्या हवाली करायचा, एवढंच आमचं काम. सोपं वाटलं होतं.

प्रभावती बोरकुटे त्या संस्थेच्या वाचनालयात रोज यायच्या. ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवायच्या आणि पूर्व विदर्भातल्या जुन्या तलावांवर पीएच.डी. करत होत्या. तीन वर्षांच्या असताना तापात दृष्टी गेली. त्यानंतर शाळेपासून एम.ए.पर्यंत त्यांची जवळजवळ सगळी पुस्तकं विमलताईंनी वाचली होती. पोस्टातली नोकरी करायची, घरी यायचं, भाकरी टाकायच्या आणि मग वाचायला बसायचं. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.

त्या मार्चमध्ये विमलताईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, आवाज वाचवायचा असेल तर आता कुजबुजायचंसुद्धा नाही, आणि बरं झाल्यावरही हे तासन् तास मोठ्यानं वाचणं कायमचं बंद. प्रभाताईंचा प्रबंध अर्ध्यावर होता. गाइड पुढचं प्रकरण मागत होते. दुसरं कुणी वाचायला मिळत नव्हतं असं नाही, पण कुणी आठवड्यातून एकदा येई, कुणाला जुनी मराठी जड जाई. त्यामुळे आमच्या प्रोग्रामकडे संस्थेपेक्षाही या दोघींचे डोळे लागले होते. डोळे म्हटलं की प्रभाताई लगेच टोकायच्या, "एकीचे."

पहिला प्रोग्राम आमच्या सालोडकर सरांनी लिहिला होता, डॉम वापरून. एक्सएमएल वाचायच्या ज्या पद्धती तेव्हा होत्या, त्यांतली ही सगळ्यांच्या सवयीची. तिच्यात अख्खं पुस्तक आधी मेमरीत उतरवायचं. खोड, फांद्या, डहाळ्या असं त्याचं झाड उभं करायचं आणि मग त्यात हवं तिथे फिरायचं. आमच्या ऑफिसात ते झकास चाललं. पण संस्थेत होते ते कुठल्याशा कंपनीनं काढून टाकलेले जुने संगणक. लहान पुस्तकं कशीबशी उघडली. प्रभाताईंचा तलावांवरचा जाडजूड ग्रंथ घातला, तर मशीन कण्हत बसलं आणि शेवटी गार पडलं. प्रभाताई तिथे हेडफोन लावून शांतपणे वाट बघत होत्या. मी त्यांना कशी सांगणार होते की आता काहीच होणार नाही?

म्हणून मी दुसरी पद्धत घेतली, सॅक्स. तिच्यात झाड-बीड काही नाही. ती पुस्तकाच्या पहिल्या अक्षरापासून धावत सुटते आणि जे जे दिसेल ते ओरडून सांगते: प्रकरण आलं, परिच्छेद आला, वाक्य आलं. मेमरी लागतच नाही म्हणा ना. पुस्तक क्षणात बोलू लागलं. मी खूश होते. आणि मग ती "थांब!" अशी हाक आली.

"मधे थांबवायची सोय करता येईल मला," मी वायर हातात धरून म्हणाले. "थोडी कसरत आहे, पण होईल."

"बस इथे," प्रभाताई म्हणाल्या. "मला एक सांग हेमांगी. आत ते पुस्तक असतं कसं? तू मला नेहमी सांगतेस, हे होईल, ते होणार नाही. पण आत चाललंय काय, ते मला कुणी सांगितलेलंच नाही."

मी खुर्ची ओढली. मला वाटलं, पाच मिनिटांत उरकेल. खुणा कशा असतात ते सांगितलं. झाडाचं सांगितलं.

"म्हणजे पहिला जो होता," त्या म्हणाल्या, "तो सगळं पुस्तक पाठ केल्याशिवाय तोंड उघडायचा नाही."

"हो."

"आणि हा दुसरा, तोंड उघडलं की मिटत नाही."

"हो."

"तिसरा कुणी नाहीच का?"

तिसरा होता. मी त्याच्याबद्दल वाचलं होतं, थोडा खेळूनही पाहिला होता. पण तो नवा होता, आमच्याकडे कुणी वापरलेला नव्हता, आणि माझ्या मते आमचा प्रश्न मेमरीचा होता. तो तर सॅक्सनं सुटला होता.

"आहे एक. त्याला पुल पार्सर म्हणतात. म्हणजे ओढून घेणारा. तो आपणहून काहीच सांगत नाही. आपण म्हणायचं, पुढचं दे. की तो एक तुकडा देतो आणि गप्प बसतो."

"किती वेळ गप्प बसतो?"

"आपण पुन्हा मागेपर्यंत."

"मी चहा करायला गेले तर?"

"तरी."

"मी नुसती विचार करत बसले तर? अर्धा तास?"

"त्याला काही फरक पडत नाही, प्रभाताई. तो तिथेच उभा असतो."

प्रभाताईंनी विमलताईंकडे मान वळवली. का, ते मला कळेना. विमलताईंनी त्यांच्या मनगटावर बोटांनी काहीतरी टकटक केलं. दोघींची ती भाषा होती. ऑपरेशननंतरच्या दीड महिन्यात त्यांनी ती आपसात ठरवली होती, आणि त्या तिच्यात भांडतसुद्धा.

"ताई म्हणते, तू आयुष्यात कधी विचार करायला थांबली नाहीस, कारण वाचताना मी जांभया द्यायचे." त्या हसल्या. मग आवाज खाली आला. "खरं आहे ते. दिवसभर उभं राहून आलेलं माणूस वाचतंय, त्याला किती वेळा थांब म्हणणार? मागचं पुन्हा वाच, हे तर मी वर्षातून दोनदा म्हणत असेन. म्हणून मग एकदा ऐकलं की पाठच करायचं."

आणि त्यांनी मघाशी मशीननं धाड धाड म्हटलेला मजकूर मला म्हणून दाखवला. पाळीची मापं, सांडव्याचे दगड, दुष्काळाची सालं. शब्द इकडचा तिकडे नाही. मी त्या मजकुराच्या प्रिंटवर बोट ठेवून पडताळत होते. एवढी प्रचंड स्मरणशक्ती, आणि ती केवळ दुसऱ्याचा घसा दुखू नये म्हणून कमावलेली!

"मला तो तिसरा दे," प्रभाताई म्हणाल्या.

"त्यात मागे जाता येत नाही. तो पुढेच जातो. मागे जायची सोय मला वेगळी करावी लागेल. काम वाढेल. शिवाय सरांना..."

"कर ना मग. मी कुठे जातेय?"

ऑफिसात मी सालोडकर सरांसमोर सगळं मांडलं. मला वाटत होतं ते वैतागतील. त्यांचा डॉम आधीच बाजूला पडला होता, आणि आता मी माझाच सॅक्सचा प्रोग्रामही फेकायला निघाले होते. ते संत्राबर्फीचा तुकडा तोंडात टाकून ऐकत राहिले.

"मी इतकी वर्षं हे काम करून राहिलो," ते म्हणाले. "मेमरी किती लागते, वेग किती येते, कोड किती लिहावं लागते, एवढंच पाहून आपण पद्धत निवडतो. वाचणाऱ्याला कोणी विचारत नाही. तू विचारलंस?"

"त्यांनीच विचारलं."

"मग त्यांनी निवडली ना? मग मला काऊन विचारतेस? जाय, लिही."

मी लिहायला बसले. मागे जाण्यासाठी प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी केली आणि बोलून झालेली वाक्यं थोडी थोडी जवळ ठेवली. प्रकरणांची आणि उपमथळ्यांची नावं आधी एकदा झरझर गोळा केली, म्हणजे उडी मारता येईल. सगळं जमत गेलं. अडलं ते तळटिपांशी. त्या ग्रंथात टिपा भरमसाट होत्या आणि सगळ्या प्रकरणाच्या शेवटी एकत्र ठेवलेल्या. मधल्या वाक्यावरून तिथे जायचं म्हणजे अख्खं प्रकरण ओलांडायचं आणि परत यायचं. वैतागून मी प्रभाताईंना फोन केला.

"टिपा गाळल्या तर चालतील?"

"टिपा ताई गाळायची," त्या म्हणाल्या. "तसं आमचं ठरलंच होतं. परीक्षेला लागत नाहीत आणि घसा बसतो. प्रबंधासाठी हव्या तेवढ्या अलीकडे वाचायची ती, नाव-पान एवढंच. बाकीच्या... ठेवता येतील का गं त्या?"

"बघते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता मला सुचलं, आणि इतकं साधं होतं ते की मी कप तसाच ठेवून उठले. वाचणारा पार्सर एकच असला पाहिजे असं कुणी सांगितलं? टीप आली की पहिल्याला आहे तिथेच सोडायचं. दुसरा वाचणारा उघडायचा, त्याला टिपांकडे पाठवायचं, टीप वाचून झाली की त्याला निरोप द्यायचा. पहिला आपल्या वाक्यापाशी उभाच आहे. त्याला काही लक्षात ठेवायला सांगावं लागत नाही, परत बोलावून आणावं लागत नाही. नुसतं म्हणायचं, पुढचं दे.

मी ते लिहिलं आणि चालवलं. स्क्रीनवर पहिला थांबला, दुसरा गेला, आला, मिटला. पहिल्यानं पुढचं वाक्य दिलं. मी पुन्हा चालवलं. मग पुन्हा. हे कुणी माणसांनीच कुठेतरी बसून रचलेलं होतं, मला ठाऊक होतं ते. तरी देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर होतं तसं काहीतरी मला झालं. सालोडकर सर मागून जाता जाता थबकले, त्यांनी पाहिलं आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर हलकेच थाप मारली.

वाचनालयात आम्ही दुपारी गेलो. बाहेर रस्ता ओस पडलेला, खोलीत कूलरच्या खसाचा ओला वास. सर दाराशीच उभे राहिले. विमलताई तशाच शेजारी, गळ्याला रुमाल. मी प्रभाताईंचं बोट एकेका कळीवर नेऊन ठेवलं.

"ही लांब कळ म्हणजे पुढचं वाक्य. हा वरचा बाण, मागचं वाक्य. उजवा बाण दाबला की पुढचा मथळा, डावा म्हणजे मागचा. आणि वाक्यानंतर टिंग असं वाजलं तर तिथे टीप आहे. हवी असेल तर खालचा बाण. नको असेल तर दाबू नका."

"आणि थांबवायची कळ?"

"नाही ठेवली. तुम्ही काही दाबलं नाही तर ते थांबलेलंच आहे."

त्यांनी आधी उजवा बाण दाबला. मथळा. पुन्हा दाबला. पुढचा मथळा. मग त्या दाबतच गेल्या. 'जागेची निवड', 'मातीची परीक्षा', 'पाळ', 'सांडवा', 'पाणीवाटप', 'तलाव राखणारे'. पन्नासेक पानं त्या अशा ओलांडून गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

"पुस्तक चाळतात म्हणतात ते हे का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"मी आजवर एकही पुस्तक चाळलेलं नव्हतं." आणि त्या परत पहिल्या मथळ्यापासून निघाल्या.

मग 'तलाव राखणारे' या मथळ्याशी थांबून त्यांनी लांब कळ दाबली. एक वाक्य. हात कळीवरून उचलला. मशीन गप्प. त्या वाट बघत राहिल्या, जणू आता तरी ते बोलेलच. ते बोललं नाही. कूलर घरघरत होता. त्यांनी हात मांडीवर घेतला, चेहरा खिडकीकडे केला आणि बसून राहिल्या. त्यांच्या कपाळावरची एक शीर, जी मी रोज ताणलेली बघत होते, ती हळूहळू सैल झाली.

मग पुन्हा कळ. पुढचं वाक्य आलं: पुराच्या एका रात्री गावातल्या बायकांनी पाळीवर झोपून पाणी अडवल्याची हकीकत. आणि टिंग.

बोट खालच्या बाणावर गेलं. तो पत्र्याचा आवाज बोलू लागला:

"ही हकीकत मला तलावाकाठच्या एका मासेमार ढीवर म्हातारीने सांगितली. ती स्वतः त्या रात्री पाळीवर होती. तिचे नाव विचारायचे माझ्याकडून राहून गेले. दुसऱ्या वर्षी गेलो तेव्हा ती नव्हती. या ग्रंथातील ही माझी सर्वांत मोठी उणीव."

प्रभाताईंनी खालचा बाण पुन्हा दाबून टीप परत ऐकली. मग तिसऱ्यांदा.

"हे पुस्तक मी ताईकडून ऐकलंय," त्या सावकाश म्हणाल्या. "मला वाटायचं, फार कोरडा माणूस आहे. मापं आणि सालं. हा असं बोलतो? खाली बसून, असं हळू बोलतो?"

विमलताईंनी मान खाली घातली होती. रुमालाचं टोक त्यांनी बोटांत इतकं घट्ट धरलं होतं की नखं पांढरी पडली. प्रभाताईंना ते दिसणं शक्यच नव्हतं, पण त्यांचा हात अंधारात वाट माहीत असल्यासारखा सरळ जाऊन त्या मुठीवर पडला.

"वेडी आहेस का, ताई? तू टिपा वाचत बसली असतीस तर मी अजून मॅट्रिकलाच असते. तुझा घसाही तेव्हाच गेला असता." मूठ सोडवून त्यांनी बहिणीची बोटं आपल्या बोटांत घेतली. "या आता माझ्यासाठी राहिल्यात. शेकड्यांनी आहेत. किती बरं झालं."

प्रबंध पुढे पूर्ण झाला. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी कुरकुर केली म्हणे, की तुमच्या टिपा मूळ मजकुरापेक्षा जास्त झाल्यात. त्यावर प्रभाताईंनी काय उत्तर दिलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही, नुसत्या हसल्या. विमलताईंचा आवाज परत आला, बारीक, फाटका, पण आला. आमचा प्रोग्रामही त्या संस्थेत बरीच वर्षं चालला. मी त्यानंतर मोठ्या कंपन्यांत कामं केली, पद्धती निवडल्या, मोडल्या, त्यांवर वादही घातले. पण त्या दुपारसारखं कुठे काही पाहिलं नाही.

कारण त्या दुपारी तेवढ्यावर संपलं नव्हतं. प्रभाताईंनी स्पीकर जरा विमलताईंकडे वळवला, खुर्ची पुढे सरकवली, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले.

"ताई, मागे टेकून बस," त्या म्हणाल्या. "आज मी वाचते. तू ऐक."

त्यांनी कळ दाबली. एक वाक्य झालं, त्यांनी थोडं थांबून दुसरं मागितलं. मग एक टीप, मग पुन्हा वर. घाई नाही. विमलताई डोळे मिटून टेकल्या होत्या. सर दारातून हळूच आत येऊन बाकावर बसले. मीही बसले. उन्हाची तिरीप फरशीवरून सरकत भिंतीपाशी पोचली, तरी कुणी उठलं नाही.

मधेच विमलताईंनी हात पुढे करून प्रभाताईंच्या मनगटावर बोटांनी टकटक केलं. प्रभाताई थबकल्या. मग त्या इतक्या मोकळ्या हसल्या की आम्ही दोघं चमकून बघू लागलो.

"काय झालं?" मी विचारलं.

"ताई म्हणते, तिचं लक्ष नव्हतं. मागचं वाक्य पुन्हा वाच."

आणि त्यांनी वरचा बाण दाबला.